मुकी इंजिने

मुलुंडमध्ये, चेकनाक्याकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला, सातेरी मोटर्स नावाचे एक गॅरेज आहे. तिथे गाडी घेऊन येणारा माणूस 'काय बिघडले?' असे क्वचितच विचारतो. तो विचारतो, 'कोणामुळे?' यंत्राचा बिघाड त्याला पुरेसा वाटत नाही. बिघाडाला एक माणूस हवा असतो. गॅरेजचा मालक सहदेव राऊळ याने एकतीस वर्षे या प्रश्नाला उत्तरे दिली होती. कधी खड्डे, कधी भेसळीचे डिझेल, कधी आधीचा मेकॅनिक. बरेचदा ड्रायव्हर. ड्रायव्हरचे नाव घेणे सोपे जाते. तो तिथेच उभा असतो आणि मालकासमोर उलट बोलत नाही.

सहदेवच्या उत्तरांना वजन होते, आणि ते त्याच्या कानांनी कमावलेले होते. गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला हातभर लांबीची एक रबरी नळी टांगलेली असे. तिचे एक टोक कानात धरायचे आणि दुसरे चालू इंजिनावरून सावकाश फिरवायचे, ही त्याची तपासणी. कुठल्या बेअरिंगची घरघर आहे, कुठल्या व्हॉल्व्हची टकटक, कुठल्या जोडातून हवा निसटते आहे, हे तो डोळे मिटून सांगे. पुढे त्याने स्कॅनरही घेतला, पण तो त्याच्या हाताखालचा मेकॅनिक विकी वापरी. विकी पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप, स्कॅनरवर श्रद्धा असलेला. "स्कॅनर सांगतो काय दुखतंय," सहदेव त्याला म्हणे, "का दुखतंय ते कानाला विचारावं लागतं."

गेल्या दोन-अडीच वर्षांत मात्र सहदेवच्या तोंडी एक नवे वाक्य रुळले होते. "हल्लीची इंजिनं मुकी झालीत रे. पूर्वी गाडी बोलायची." गिऱ्हाइके माना डोलावत. विकीही डोलावी, कारण नव्या गाड्यांचा आवाज खरोखरच कमी असतो. अर्धे खरे असलेले वाक्य तपासून पाहावे असे कोणाला सुचत नाही.

सहदेवचा बाप धोंडू राऊळ कोकणातून येऊन लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात लागला होता. साचेखाते म्हणजे विणकामाचे खाते; एका छपराखाली शेकडो माग एकाच वेळी आदळत. तिथे कोणी कोणाशी आवाजाने बोलत नसे. ओठ हलवायचे, बोटे हलवायची, समोरच्याने ओळखायचे. संप होऊन गिरणी बंद पडली तोवर धोंडूचे निम्मे कान गेले होते, आणि ते त्याने मरेपर्यंत कबूल केले नाही. "तुम्ही पुटपुटतास," असे तो घरच्यांना सांगे. "तोंड उघडून बोलूक काय होता?" मग घरातले सगळे ओरडून बोलू लागले, आणि धोंडूच्या मते सुधारले. बापाचे हे सोंग सहदेवला दहाव्या वर्षीच कळले होते. त्यावर तो भावंडांत बसून हसलाही होता.

एका शुक्रवारी श्यामसुंदर करंदीकर यांची गाडी गॅरेजात आली. करंदीकर मुलुंड पूर्वेचे, तीन पिढ्यांचे मुलुंडकर, विमा कंपनीतून वरच्या हुद्द्यावर निवृत्त झालेले आणि आपल्या सोसायटीचे सचिव. त्यांच्या शब्दावर त्या सोसायटीतल्या पंधरा-वीस गाड्या सातेरी मोटर्सकडे येत. गाडी आणली होती त्यांच्या ड्रायव्हरने, अनंत गावकरने. अनंत पन्नाशीचा, सहदेवसारखाच मालवणी मुलखातला, अकरा वर्षे करंदीकरांकडे. करंदीकरांच्या पत्नी कुंदाकाकू गुडघ्यांनी अधू झाल्या होत्या. त्यांना आठवड्यातून तीनदा घाटकोपरला फिजिओथेरपीसाठी नेणे-आणणे हे त्याचे मुख्य काम.

"चढाक दमता गाडी," अनंत म्हणाला. "पुलावर रिक्षा पुढे जाता."

"रिक्षावाले खूश असतील," विकी म्हणाला आणि त्याने स्कॅनर लावला. टर्बोचा दाब कमी आहे, एवढे स्कॅनरने सांगितले. त्यापलीकडचे त्याला ठाऊक नव्हते.

गाडी डिझेलची होती. तिच्यातला टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा दाबतो आणि त्यामुळे गाडी चढावर दमत नाही. या टर्बोच्या पाती कमीअधिक उघडणारा एक छोटा दांडा असतो. तो दांडा हलतो शोषणाने: इंजिनावरचा पंप हवा खेचतो, आणि ती खेच पेन्सिलइतक्या जाडीच्या रबरी पाइपातून दांड्यापर्यंत पोचते. गॅरेजात त्याला व्हॅक्यूमचा पाइप म्हणतात. पाइप कुठे चिरला की बाहेरची हवा आत घुसते, खेच वाटेतच मरते, दांडा हलत नाही आणि निरोगी टर्बोही आळशासारखा पडून राहतो. म्हणून टर्बोवर ठपका ठेवण्याआधी पाइप तपासायचा. हे विकीला शिकवले होते ते सहदेवनेच.

सहदेवने तसे केलेही. गाडी तासभर रांगेत उभी राहून गार झाली होती. ती चालू करून त्याने पाइपाचे टोक दांडा हलवणाऱ्या डबीवरून काढले आणि त्यावर अंगठा ठेवला. अंगठा ओढला गेला. खेच होती. मग त्याने भिंतीवरची नळी काढून कानात धरली आणि पाइपाच्या लांबीवरून फिरवली. चिरेतून हवा आत जाते तेव्हा बारीक, उंच फुसफुस होते. त्याने तिची वाट पाहिली. इंजिनाची धडधड तेवढी आली.

"शेठ, पाइपात धूर सोडून बघू का, कुठून निघतो ते?" विकीने विचारले. "पाचच मिनिटं."

"मी ऐकलं ना. आवाज नाही. पाइप ठीक आहे."

मग त्याने टर्बोचा पंखा बोटांत धरून हलवून पाहिला. किंचित हलला. तेवढा तो नव्या गाडीतही हलतो, हे सहदेवला माहीत होते. पण पाइप ठीक ठरल्यावर कोणीतरी गुन्हेगार असणे भाग होते, आणि बोटांना लागलेल्या त्या किंचित हालचालीचा त्याने पुरावा केला.

दुपारी करंदीकर स्वतः आले. त्यांच्याच सोसायटीतले तिघे ड्रायव्हर आपापल्या गाड्यांची वाट पाहत बाकावर बसले होते. अनंत बोनेटपाशी उभा होता.

"टर्बो गेलाय, साहेब. सोमवारी नवा मागवतो."

"आठ वर्षांत? कोणामुळे?"

सहदेवने नेहमीच्या सहजतेने सांगितले, "गरम गाडी थांबल्या थांबल्या बंद केली की टर्बोच्या बेअरिंगला तेल मिळत नाही. मिनिटभर चालू ठेवून मग चावी फिरवायची असते. सवयीचा प्रश्न आहे."

त्याने कोणाचे नाव घेतले नाही. घेण्याची गरज नव्हती. सगळे अनंतकडे पाहू लागले होते. अनंत मालकाशी बोलला नाही. तो सहदेवकडे वळून म्हणाला, "मी थांबतंय, मेस्त्री. दर खेपेक मिनिटभर थांबतंय."

"सगळे असंच म्हणतात."

"अनंता, तुझं मिनिट किती सेकंदांचं रे?" बाकावरून श्यामकांत नावाचा ड्रायव्हर म्हणाला, आणि उरलेले दोघे हसले.

करंदीकरांनी आवाज चढवला नाही. त्यांची ती रीत नव्हती. "अनंत, चावी इथेच राहू दे," ते म्हणाले. "सोमवारपासून मी दुसरी व्यवस्था बघतो." अनंतने चावी हत्यारांच्या पेटीवर ठेवली, पेटीला लागलेले ग्रीस बोटाला आले ते रुमालाला पुसले आणि तो निघून गेला. सहदेव तोवर पुढच्या गाडीकडे वळला होता.

शनिवारी सकाळी तो स्वयंपाकघरात स्टुलावर चहा घेत बसला होता. शेगडी त्याच्यापासून दोन हातांवर होती. त्याची बायको सुगंधा पाठमोरी होऊन डब्याची भाजी चिरत होती.

"अहो, तेवढा गॅस बारीक करा," ती म्हणाली. "कुकरची रिंग गेली वाटतं. कधीची फुसफुसतेय."

सहदेवने कुकरकडे पाहिले. कुकर गप्प होता. "कुठे फुसफुसतेय?"

"सकाळी सकाळी थट्टा नको. शेजारच्या वहिनी येतील विचारायला."

तो उठला, कुकरजवळ गेला, कान पुढे केला. भाताच्या कढाची गदगद ऐकू येत होती. बाकी काही नाही. मग त्याने हात झाकणाच्या कडेशी नेला, आणि वाफेचा चटका तळव्याला असा बसला की हातातला कप हिंदकळला. झाकणाच्या मागच्या बाजूने वाफेची सरळ धार बाहेर येत होती. ती त्याला दिसत होती. तिचा आवाज त्याच्यासाठी या जगात नव्हता.

सुगंधाने त्याचा हात नळाखाली धरला. "दोन वर्षं सांगतेय, कान दाखवून घ्या. फोन वाजतो ते कळत नाही, दाराची बेल कळत नाही. मी काही बोलले की म्हणता, तू पुटपुटतेस."

तो शब्द कोणाचा होता हे तिच्या ध्यानात आले की नाही, कोण जाणे. सहदेवच्या आले. नळाखाली हात तसाच धरून तो बराच वेळ उभा राहिला. ग्राइंडर, हातोडे, हवेच्या दाबावर नट सोडवणारी गन, यांच्या सोबतीत गेलेली एकतीस वर्षे त्याच्या मनात आली नाहीत. मनात आला तो विकीला दिलेला जबाब. 'आवाज नाही.' हे विधान इंजिनाविषयीचे होते. 'मला ऐकू येत नाही' हे स्वतःविषयीचे असते. ही दोन वाक्ये दिसायला इतकी जवळची आहेत की एकाच्या जागी दुसरे ठेवले तर बोलणाऱ्यालाही कळू नये. पण पहिल्याच्या जोरावर एका माणसाच्या हातून चावी काढून घेतली गेली होती, आणि ते वाक्य उच्चारण्याचा अधिकार सहदेवला कदाचित दोन वर्षांपासून नव्हता.

डबा न घेताच तो गॅरेजात गेला. विकी यायचा होता. सहदेवने करंदीकरांची गाडी चालू केली आणि यावेळी घाई केली नाही. गार इंजिनावर अंगठा पुन्हा ओढला गेला, दांडा वर आला. तो वाट पाहत उभा राहिला. वीस मिनिटांनी इंजिन तापले, तशी दांड्याने हळूहळू मान टाकली. त्याने हातपंप डबीला जोडून खेच दिली; पंपाचा काटा जिथे गेला तिथेच थांबला, म्हणजे डबी धड होती. दांडा शाबूत, डबी शाबूत. दोष अधल्यामधल्या पाइपात होता; गार असताना जेमतेम असलेली गळती तापल्यावर पुरती उघडत होती.

कुठे, ते कानाला विचारणे व्यर्थ होते. आसपास डिझेल सांडलेले नाही हे हाताने चाचपून पाहून त्याने सातेरी देवीच्या तसबिरीपुढची पेटती उदबत्ती उचलली. छताचा पंखा बंद केला. वाऱ्याच्या बाजूला पुठ्ठ्याचे खोके आडवे उभे केले आणि उदबत्तीचे टोक पाइपापासून बोटभर अंतरावर ठेवून सरकवत नेले. धुराची रेघ सरळ वर जात होती. बॅटरीमागे, पाइप जिथे पत्र्याच्या क्लिपखालून वळतो तिथे, रेघ एकाएकी वाकली आणि क्लिपखाली शिरून नाहीशी झाली. त्याने उदबत्ती मागे घेतली, पुन्हा नेली. रेघ पुन्हा तिथेच वाकली.

क्लिप काढल्यावर चीर दिसली. करंगळीच्या नखाएवढी, पाइपाच्या खालच्या अंगाला. ज्याला कान आहेत त्याला ती गार इंजिनावरही नळी लावताच ऐकू आली असती.

विकी आला तेव्हा नवा पाइप बसवून झाला होता. दोघे गाडी घेऊन मुलुंड कॉलनीच्या चढावर गेले. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये तक्रार न करता चढली. विकीने जुना पाइप बोटांत वाकवून चीर उघडमीट करून पाहिली. 'मी म्हटलं होतं' असे तो म्हणाला नाही. त्याबद्दल सहदेव त्याचा मनोमन ऋणी झाला.

"आता काय सांगायचं?" विकीने विचारले.

"काय म्हणजे?"

"शेठ, सोपं आहे. टर्बो साफ केला, सुटला, म्हणायचं. सगळे तेच म्हणतात. साहेब खूश, आपलं नाव कायम."

"आणि अनंत?"

विकी खिडकीबाहेर बघत राहिला. "तो लागेल कुठेतरी. ड्रायव्हरांना काय कमी आहे का?" थोड्या वेळाने तो म्हणाला, "आणि तुम्ही खरं सांगितलंत ना, तर साहेब विचारणार, काल का नाही कळलं. मग काय सांगाल?"

प्रश्न नेमका होता. चूक कबूल करण्याची सहदेवला एवढी धास्ती नव्हती; मेकॅनिकच्या चुका होतात, लोक विसरतात. पण या चुकीचे कारण चुकीपेक्षा मोठे होते. पाइप चिरला होता एवढे सांगून थांबता आले नसते. ज्याच्या कानांवर एक पेठ विश्वास ठेवून आहे, त्याचे कान गेले आहेत हे कळल्यावर पेठेने काय करावे? आणि दुसऱ्या बाजूला अनंत होता. त्याच्याविरुद्ध सहदेवच्या शब्दाखेरीज कुठलाही पुरावा नव्हता. 'टर्बो साफ केला' म्हटले असते तर तो शब्द कायम राहिला असता. खोटेपणाचा हा प्रकार फार सभ्य दिसतो, कारण त्यात नवे काही खोटे बोलावे लागत नाही. जुने तसेच राहू द्यायचे असते.

दुपारी तो स्वतः गाडी घेऊन करंदीकरांकडे गेला. करंदीकर वर्तमानपत्र वाचत होते. कुंदाकाकू पाय चौरंगावर ठेवून आरामखुर्चीत होत्या. सहदेवने चिरलेला पाइप कागदावर ठेवून टेबलावर मांडला आणि काय झाले ते सांगितले.

"म्हणजे टर्बो बदलायचा नाही," करंदीकर म्हणाले. "उत्तम झालं."

"साहेब, अनंताचं काय?"

"त्याचं काय? सवय तर आहेच ना त्याची. तुम्हीच म्हणालात."

"टर्बो गेला असं धरून म्हणालो. टर्बो गेलेलाच नाही. मग त्याच्या सवयीला पुरावा कुठला?"

करंदीकर यावर विचार करू लागले. एकदा स्वीकारलेला निष्कर्ष त्याचा आधार गेल्यावरही डोक्यात कसा तग धरून राहतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. तेवढ्यात कुंदाकाकू म्हणाल्या, "तो थांबतो."

"कोण?"

"अनंत. गाडी लागली की म्हणतो, काकू, बसा जरा, मिनिटभर. रोज. माझे गुडघे आखडलेले असतात, मी रोज वैतागते त्याच्यावर. तरी थांबतो."

"मग तू काल बोलली का नाहीस?"

"काल मला विचारलं कोणी? तुम्ही आलात ते अनंतला काढला असं सांगतच आलात. आणि मला वाटलं, मेकॅनिक सांगतोय तर त्याला कळत असणार. गाडीत मागे बसणाऱ्या बाईला काय कळतं?"

मग करंदीकर सहदेवकडे वळले. "पण इतकी वर्षं तुम्ही आवाजावरून सांगत आलात. ही चीर तपासताना तुम्हाला कळली कशी नाही?"

"मला ऐकू येत नाही, साहेब," सहदेव म्हणाला. "बारीक आवाज येत नाहीत. मला स्वतःलाच आज सकाळी कळलं. खरं म्हणजे आधीपासून कळत होतं."

करंदीकर सज्जन गृहस्थ होते. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली, कानाच्या एका डॉक्टरांचे नाव सुचवले आणि सहदेवच्या देखतच अनंतला फोन लावून सोमवारी कामावर यायला सांगितले. पण त्या क्षणापासून त्यांनी सहदेवशी उच्चारलेले प्रत्येक वाक्य मोठ्या आवाजात आणि सुटे सुटे होते, लहान मुलाशी बोलावे तसे. सोसायटीतल्या बाकीच्या गाड्यांचा विषय त्यांनी काढला नाही. सहदेवनेही काढला नाही.

तिथून तो भांडुपला टेकडीवरच्या वस्तीत गेला. अनंत दाराशी बसून सुक्या बोंबलांची डोकी मोडत होता. त्याने सहदेवला पाहिले आणि हातातले काम थांबवले नाही.

"टर्बो बरो असा," सहदेव म्हणाला. "पाइप फुटलेलो. चूक माझी."

"काल तर आवाज नाय म्हणालंस."

"आवाज होतो. माकाच आयकाक येना नाय."

अनंतने मान वर करून त्याच्या कानांकडे पाहिले. जणू ते बाहेरून वेगळे दिसायला हवे होते. "साहेबांचो फोन इलो," तो म्हणाला. "सोमवारी ये म्हणतत."

"मगे बरा झाला."

"काय बरा झाला?" अनंतने शांतपणे विचारले. "तू थय सगळ्यांच्या म्होरे बोललंस. हय माज्या दारात येवन माघारी घेतंस. ह्या सारखा कसा झाला?" त्याने आणखी एक बोंबील उचलला. "आमच्या धंद्यात एकच असता, मेस्त्री. गाडी खराब करणारो म्हणान नाव झाला की संपला. पुढचो मालक चावी देवच्या आधी चार ड्रायव्हरांका इचारता. ते हसलेत काल. ते काय सांगतले?"

सहदेवने काय करू असे विचारले नाही. उत्तर त्याला दिले गेले होते.

सोमवारी सकाळी आठ वाजता तो करंदीकरांच्या सोसायटीच्या फाटकापाशी गेला. मालक खाली येईपर्यंत तिथले ड्रायव्हर फाटकाजवळच्या कठड्यावर बसून चहा पीत. सहा-सातजण होते. श्यामकांत होता. अनंत थोडा बाजूला, हातात फडके घेऊन काच पुसत होता. त्याने सहदेवकडे एकदा पाहिले आणि पुसणे चालू ठेवले.

सहदेव कठड्यासमोर उभा राहिला. त्याने भाषण जुळवून आणले नव्हते. "शुक्रवारी मी अनंताबद्दल बोललो ते चूक होतं," तो म्हणाला. "टर्बो चांगला आहे. पाइप चिरला होता. अनंत गाडी नीट बंद करतो. पाइपाची फुसफुस मला ऐकू आली नाही, कारण मला कमी ऐकू येतं. तपास नीट न करता मी माणसावर ढकललं."

हसले कोणी नाही. एकाने ग्लासातल्या चहाकडे पाहिले. श्यामकांतने मान खाली घालून काहीतरी विचारले. सहदेवला त्याचे ओठ हललेले दिसले. साचेखात्यातल्या माणसाच्या घरात वाढल्यामुळे ओठांवरून अदमास बांधण्याची विद्या त्याला येत होती. गेली दोन वर्षे तो बहुधा तीच वापरत आला होता, अर्धे ऐकून आणि अर्धे ओळखून. अदमासाने काही उत्तर देता आले असते.

"ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "मोठ्याने सांगा."

श्यामकांत उभा राहिला. "गेल्या वर्षी माझ्या गाडीचं बेअरिंग गेलं," तो मोठ्याने म्हणाला. "तुम्ही म्हणालात, मी खड्ड्यात घातली. तीन महिने ऐकून घेतलं मी साहेबांचं. ते तुम्ही ऐकून सांगितलं होतं, की असंच?"

सहदेवला ती गाडी आठवली. बेअरिंग आठवले नाही. ते केव्हाच भंगारात गेले होते, आणि आता कुठली उदबत्ती लावून ते तपासता येणार नव्हते.

"माहीत नाही," तो म्हणाला. "असंच सांगितलं असेन."

"असेन म्हणजे?"

"म्हणजे मला खात्री नाही, आणि तेव्हाही नसणार. तुमच्या साहेबांना हे मी सांगतो. आज सांगतो."

"काय सांगणार? की कदाचित चुकलो असेन?"

"हो. तेवढंच खरं आहे."

श्यामकांत पुन्हा कठड्यावर बसला, पण चहाचा ग्लास त्याने उचलला नाही. कठड्यावरचे दुसरे दोघे एकमेकांकडे पाहत होते. त्यांनाही काही आठवत असावे. सहदेव जागचा हलला नाही. अजून कोणी काही विचारले तर ते ऐकल्याशिवाय जायचे नाही, एवढे त्याने ठरवले होते, आणि त्यासाठी तो सगळ्यांच्या तोंडांकडे पाहत उभा होता.

इमारतीच्या दारातून कुंदाकाकू काठी टेकत बाहेर आल्या. घाटकोपरची वेळ झाली होती. अनंतने त्यांना मागे बसवले, फडके घडी करून डिकीत ठेवले आणि तो गाडीत बसला. सहदेव फाटकाच्या बरोबर मध्ये, गाडीच्या वाटेवर उभा होता, त्याची पाठ गाडीकडे होती. अनंतने एकदाही हॉर्न वाजवला नाही. तो खाली उतरला, चालत सहदेवच्या समोर आला आणि त्याला दिसेल असे तोंड करून म्हणाला, "मेस्त्री, बाजूक व्हा. गाडी काढूची असा."

सहदेव बाजूला झाला.